तात्पुरता अंत्यविधी

चिमाजीच्या दशक्रियेला कापडणीस साहेबांनी बारा मिनिटं भाषण केलं. आमच्याकडे माइक लावल्याशिवाय दशक्रिया होत नाही. सरपंच बोलतात, सोसायटीचे चेअरमन बोलतात, पिंडाजवळ आलेले कावळेसुद्धा कंटाळून उडून जातात. कापडणीस हे तालुक्याचे नायब तहसीलदार, यंदाच्या पुराच्या कामाचे प्रमुख. कडक इस्त्रीचा शर्ट, कपाळाला अष्टगंध. "चिमाजीराव गोदामाईच्या कुशीत विसावले," असं म्हणून त्यांनी रुमालानं डोळ्यांच्या कडा टिपल्या. मी बायकांच्या पहिल्या रांगेत होते. डोळे कोरडे ठणठणीत होते.

चिमाजीची बायको मैना. अकरा वर्षं झाली, ती करंजवाडीहून पंचवटीत आमच्याकडे बेल, दूर्वा, आघाडा घेऊन येते. चातुर्मासात माझी लाखोली असते, रोज हजार पानं मोजून वाहायची. मैनाच्या टोपलीतलं पान कधी किडकं निघालं नाही.

भाद्रपदात धरणाचं पाणी सोडलं तेव्हा काठावरचे शेतकरी नदीतल्या मोटारी वर ओढायला धावले. चिमाजीनं स्वतःची मोटार काढली, मग शेजाऱ्याच्या मोटारीच्या दोराला हात घातला, आणि पायाखालचा काठच तुटला. दोघांनी डोळ्यांनी पाहिलं. सरकारी बोट दोन दिवस वरच्या पुलापाशी फिरली. तिथं रस्ता चांगला आहे, गाडी थेट पाण्यापर्यंत जाते. तिसऱ्या दिवशी बोट निघून गेली.

चिमाजीची आई कुसाबाई. मुलाच्या नावानं तिलांजली सुटत नाही तोवर पाण्याचा घोट घेणार नाही म्हणून ती बसली. तेव्हा मीच ह्यांच्या मागे लागले. माझे यजमान शरच्चंद्र गुरुजी गोदाकाठी उत्तरकार्यं करतात. ज्याचा देह सापडत नाही त्याच्यासाठी शास्त्रात सोय आहे. दर्भ आणि पळसाची तीनशेसाठ पानं घेऊन माणसाची आकृती करायची, डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा आणि तिला अग्नी द्यायचा.

"घाई नको," हे म्हणाले. "पाणी उतरू दे. शोध होऊ दे."

"तोवर म्हातारी उरायची नाही," मी म्हटलं.

चौथ्या दिवशी त्यांनी विधी केला. कुसाबाई पाणी प्यायली. आपल्या हातून एक चांगलं काम झालं असं मला वाटलं. मी फक्त कुसाबाईचा विचार केला होता, कचेरीचा नाही.

दशक्रियेनंतर दोन दिवसांनी पाणी उतरलं आणि गोरक्ष आमच्या दारात आला. त्याचं नाशिकरोडला पंक्चरचं दुकान आहे. ट्रकच्या ट्यूबा, दोर आणि जिवावर उदार झालेली सहा-सात माणसं, एवढ्यावर तो नऊ वर्षं पुरात उतरतो. जिवंत माणसं काढतो, मेलेलीही काढतो. बरोबर योगिनी होती. ती तरणतलावावर बायकांना पोहायला शिकवते, आणि पुरात सगळ्यांच्या आधी उडी घेते.

"काकू, बंधाऱ्याच्या तिसऱ्या गाळ्यात पाणवेलीचा ढीग अडकलाय," गोरक्ष म्हणाला. "पाणी तिथं गोल फिरतं. चिमाजीभाऊ तिथंच असणार."

"मग जा की बाबा."

"परवानगी लागते. मागच्या वर्षी विचारायच्या आधीच उडी मारली, दोन पोरी जिवंत काढल्या. आमच्यावर गुन्हा. मनाई आदेशाचा भंग. आमच्या जुन्या ट्यूबा अजून ठाण्यात जप्त पडल्यात."

"पोरींचा सत्कार झाला हां काकू," योगिनी म्हणाली. "शाल, श्रीफळ. जिवंत राहिल्याबद्दल."

"आणि वेळ नाही," गोरक्ष म्हणाला. "परवा सकाळी धरणातून पुन्हा सोडणार आहेत. ढीग सुटला की भाऊ गेले पार खाली. मग कुणाला सापडत नाहीत."

मैना ओसरीवर बसली होती. ती एवढंच म्हणाली, "काकू, पानांचं जाळलं आपन. मानूस नाय जाळलं. मला मानूस पायजे."

मी तिला आणि गोरक्षला घेऊन कचेरीत गेले. कापडणीस साहेबांनी बसायला सांगितलं, पंखा वाढवला. वागायला फार गोड माणूस.

"कुणाला शोधायचंय म्हणता?"

"चिमाजीला."

त्यांनी फाइल उघडली. शेवटच्या पानावर लाल शाईत लिहिलं होतं, 'अंत्यविधी संपन्न. शोध समाप्त.' खाली त्यांचीच सही.

"ताई, अंत्यविधी झालाय. दशक्रियेला मी स्वतः हजर होतो. ज्याचा अंत्यविधी झाला त्याला शोधायची परवानगी मी कशी देऊ? उद्या वरून विचारणा झाली तर?"

"मंग मेल्याचा दाखला तरी द्या साहेब," मैना म्हणाली.

"दाखल्याला प्रेत लागतं."

"प्रेत पान्यात हाय."

"ते सापडायला पाहिजे."

"मंग सोधू द्या ना!"

"अंत्यविधी झालाय ना, बाई," ते म्हणाले. पहिलीतल्या पोराकडून उजळणी घोकून घ्यावी इतक्या मायेनं.

मी विचारलं, "म्हणजे तुमच्या लेखी चिमाजी मेला आहे की नाही?"

ते खुर्चीत मागे रेलले. "आमच्या लेखी तो निकाली आहे."

चाळीस वर्षं मी रोज देवापुढे बसते. माणसाला जन्म आहे, मरण आहे, पुण्याई असेल तर मोक्ष आहे, एवढंच मला ठाऊक होतं. निकाली ही चौथी गती त्या दिवशी कळली.

"एक मार्ग आहे," साहेब म्हणाले. "गुरुजींकडून लिहून आणा, की झालेला विधी तात्पुरत्या स्वरूपाचा होता. तीन प्रती. शिक्क्यासह."

"अहो, अग्नी तात्पुरता देत नाहीत."

"ताई, आम्ही रस्ते तात्पुरते करतो, पूल तात्पुरते करतो, मास्तर तात्पुरते नेमतो. बसतं सगळं." मग ते गोरक्षकडे वळले. "आणि तुमच्या प्रत्येकाचं शपथपत्र, बुडाल्यास शासन जबाबदार नाही. शिवाय पोहता येत असल्याचा दाखला."

"तो कुणाकडून आणू साहेब? नदीकडून?"

"सक्षम प्राधिकाऱ्याकडून," साहेब म्हणाले. त्यांना खरंच काही खटकलं नव्हतं. अशा माणसाचा राग येत नाही. चपलेला काहीतरी चिकटल्यावर जसं होतं, तसं होतं.

घरी ह्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "अगं, त्यांना सांग, नारळ तेवढा तात्पुरता होता."

मग दौत घेऊन बसले आणि लिहिलं, 'ज्याचा देह सापडलेला नाही त्याचाच हा विधी होतो. पुढे देह सापडला तर त्यास रीतसर अग्नी द्यावा लागतो. विधी पूर्ण आहे. शोध अपूर्ण आहे.' तात्पुरता हा शब्द त्यांनी लिहिला नाही, आणि मी आग्रह केला नाही. शिक्का कुठून आणणार? आमच्या घरात गंधाचे ठसे आहेत.

दुसऱ्या दिवशी कचेरी उघडायच्या आधी आम्ही दारात होतो. साहेब अकराला आले. त्यांनी कागद वाचला, पुन्हा वाचला, उलटा करून मागची कोरी बाजूही पाहिली.

"यात तात्पुरता शब्द नाही."

"पण अर्थ आहे ना?"

"अर्थावर मला सही करता येत नाही, ताई. हे मी वरती अभिप्रायाला पाठवतो. आठ दिवसांत येईल."

"उद्या सकाळी पाणी सुटणार आहे."

"ते पाटबंधारे. त्यांची इमारत वेगळी." त्यांनी घंटी वाजवली. "चहा घ्या."

चातुर्मासात मी बाहेरचं काही घेत नाही. नेम नसता तरी तो चहा मी घेतला नसता.

गोरक्ष आणि योगिनी पायऱ्यांवर बसले होते. माझं तोंड पाहून त्यांना उत्तर कळलं.

"नव्या ट्यूबा किती आहेत रे?"

"चार, काकू."

"मग इथं काय करतोयस?"

"गुन्हा होईल, काकू," योगिनी म्हणाली.

"होऊ दे. तात्पुरताच होईल."

ती खुदकन हसली आणि उठलीच.

दुपारी बाराच्या उन्हात ते बंधाऱ्यात उतरले. काठावरच्या बाभळीला दोर बांधला, ट्यूबा सोडल्या आणि पाणवेल थरांनी सोलून काढायला लागले. मला वाटलं होतं आता लोखंडी गळ टाकतील. गोरक्षनं गळ पिशवीतून काढलाच नाही. मी विचारलं तर हळूच म्हणाला, "गळानं अंग फाटतं, काकू. मैनाताई समोर आहे." ते हातांनी आणि पायांनी चाचपत होते. त्या गढूळ, घाणेरड्या, साप वाहून आणणाऱ्या पाण्यात, बोटाबोटानं. गावचा पोलीस पाटील मोटारसायकलवरून आला, सगळं पाहिलं, आणि निंबाखाली नदीकडे पाठ करून तंबाखू मळत बसला. सरकारच्या बाजूनं त्या दिवशी झालेली तेवढीच मदत.

मैना माझ्याजवळ उभी होती. तास गेला, दुसराही गेला. योगिनी चौथ्यांदा बुडी मारून वर आली आणि तिनं नुसता हात वर केला.

चेहऱ्यावरून ओळखण्यासारखं काही राहिलं नव्हतं. मैनानं बंडीची कड उलटून आतला खिसा पाहिला. पांढऱ्या कापडावर हिरव्या दोऱ्याची शिवण होती. "पांढरा दोरा सपला व्हता," ती म्हणाली. "हेच हायेत." मग तिनं स्वतःचा पदर सोडून त्याच्यावर घातला.

पोलीस पाटलानं फोन केला. जी गाडी परवानगीसाठी आठ दिवस हलणार नव्हती, ती प्रेतासाठी वीस मिनिटांत आली. कापडणीस साहेब, एक हवालदार, एक फोटोवाला. साहेबांनी नाकाला रुमाल लावला, फोटोवाल्याकडे पाहून तो काढला, आणि प्रशासनाच्या अथक पाठपुराव्याबद्दल चार वाक्यं बोलून पुन्हा लावला. मग हवालदाराला म्हणाले, "अनोळखी लिहा. चिमाजीची फाइल बंद आहे. नमुना तपासायला पाठवू."

"अनोळखी?" मैना उभी राहिली. "याच्या नावाचं कुकू लावून नांदले मी. आन तुमी म्हन्ता अनोळखी? कोन ओळखतं मंग याला, तुमी?"

हवालदाराचं पेन थांबलं. त्यानं साहेबांकडे पाहिलं.

मला मोठ्यानं बोलता येत नाही, कधी जमलंच नाही. मी जवळ जाऊन म्हटलं, "हवालदार, लिहा. चिमाजी, राहणार करंजवाडी. ओळख पटवणार, बायको मैना. दुसरी सही मी करते. अनोळखी लिहिणार असाल तर ही बाई प्रेताजवळून हलणार नाही, आणि मीही इथंच बसेन. मला उपासाची सवय आहे. तुम्हाला आहे का?"

तीन वाजत आले होते आणि त्याचं जेवण राहिलं होतं. त्यानं चिमाजी लिहिलं. साहेब नदीकडे पाहत राहिले. कागदावर नाव उतरल्यावर त्याच्याशी भांडायचं बळ त्यांच्यात नव्हतं.

मग त्यांनी गोरक्षला बाजूला बोलावलं. "तुमच्या मंडळींची नावं शोधपथकात घालतो. एक फोटो काढू. गुन्ह्याचं मी बघतो."

गोरक्ष दोर पिळत होता. "गुन्ह्यातच राहू द्या, साहेब. तिथं नाव तरी बरोबर लिहितात."

चिमाजीला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ठेवलं. दवाखान्यात नेऊन, चिरफाड झाली की रात्र पडायच्या आत गावच्या घाटावर अग्नी द्यायचा होता. हे तिथं सरण रचून थांबले होते. मैना चढली. मी निघाले तेवढ्यात कापडणीस साहेब पुढे आले, दोन्ही हात जोडले आणि माझ्या पायांशी वाकले. "ताई, आशीर्वाद असू द्या. आमचेही हात बांधलेले असतात."

माझ्या पायांना रोज कुणी ना कुणी हात लावतं. परका असो, चुकलेला असो, मी कधी नाही म्हटलं नाही.

मी दोन्ही पाय मागे घेतले. त्यांची बोटं चिखलाला लागली. फोटोवाल्यानं कॅमेरा खाली केला.

"काकू, या," मैनानं ट्रॉलीतून हात दिला. मी चढले.