तुटलेल्या तारेला सात नंबर

मित्रांनो, मी वर्धा जिल्ह्यातल्या एका वीज कार्यालयातलं, आपोआप फोन उचलणारं यंत्र आहे. ‘बिलासाठी एक दाबा’ म्हणणारा तो गोड आवाज माझाच. तो इथल्याच मोहिनी मॅडमनी माझ्यात भरला. पण आतून मी संतापलेलो आहे, हे आज तुम्हाला सांगणारच.

मला बसवलं तेव्हा हार घातला, पेढे वाटले. मग कोणाला कुठला नंबर द्यायचा यावर बैठक बसली आणि तिथेच माझं वाटोळं झालं. बिलाचे प्रभाकरराव सर्वांत ज्येष्ठ, म्हणून एक नंबर त्यांचा. नव्या जोडणीचे साहेब रुसू नयेत म्हणून दोन त्यांना. लोकांची अडचण काय, हे कोणी विचारलंच नाही, नुसता मानपान चालला. तार तुटली की धावणाऱ्या लाइनमनला त्या बैठकीत खुर्चीच नव्हती. त्याच्या वाट्याला सात नंबर आला.

परवा गिरड गावाकडून पंचफुलाबाईंचा फोन आला. वाऱ्याने त्यांच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, चालू लाइनची तार पडली होती आणि बैल दावं तोडून तिकडेच निघाला होता.

“बाई, तार पडली. लाइन बंद करा लवकर.”

मला सगळं ऐकू येतं, पण आकड्याशिवाय काही समजून घ्यायची मुभा नाही. मी बिलाचं सांगू लागलो.

“बिल भरलं ना, बाई. माहा बैल चालला तिकडे. तुम्ही काऊन नाई ऐकून राह्यल्या?”

मी सौर पंपाच्या योजनेवर आलो. सातपर्यंत पोचलो तेव्हा पलीकडे नुसतं रडणं होतं. बैल गेला होता. मला हात असते तर मी स्वतःचीच वायर उपटली असती.

दुसऱ्या दिवशी पुन्हा बैठक झाली. लाइनमन प्रेमदास दाराशी उभा राहून म्हणाला, “साहेब, तारेले एक नंबर द्या. बाकीचं मागून राहू द्या.”

“एक नंबर माझा आहे,” प्रभाकरराव म्हणाले. “बदलला तर लोकांचा गोंधळ होईल.”

मित्रांनो, उद्या तुमच्यातलंच कोणी असे नंबर वाटायला बसेल. तेव्हा खुर्च्यांकडे बघू नका. ज्याचा जीव टांगणीला लागलाय त्याचं आधी ऐका.

त्या बैठकीतही तोडगा निघाला बरं. तार सातवरच राहिली. आजपासून मी त्याच गोड आवाजात एक वाक्य जास्त बोलतो: जनावर दगावलं असेल तर आठ दाबा.