ऊन न येणाऱ्या खोलीतला पट्टा

मी भिंतीवरचा रंगाचा पट्टा बोलतोय. आवाज कापला तर सांभाळून घ्या, माझा जीव अजून थाऱ्यावर नाही.

ब्रशच्या दोन फटकाऱ्यांत माझा जन्म झाला. सायीसारखा रंग, वीतभर उंची. शेजारी दुसरा पट्टा उमटला: राखाडी, निळसर झाक असलेला. आम्ही दोघं नमुने. दोघांतला एकच ठेवायचा, असं रंगारीकाका म्हणाले आणि मी भिंतीला घट्ट चिकटून बसलो.

घरातली बाई इस्पितळात होती. ती परतायच्या आत तिची खोली नवी करायची, म्हणून नवऱ्याची धडपड चालली होती.

"काका, राखाडीच मारा. कसा स्वच्छ दिसतो!"

"इथं ऊन येत नाही, साहेब. थंड रंग आणखी थंड दिसेल. सायीच्या रंगात पिवळ्याचा थेंब आहे, खोलीला ऊब येईल."

"तो जुनाट वाटतो हो."

झालं! समोरच्या भिंतीवर रोलर फिरू लागला. चर्र, चर्र. दुसऱ्या दिवशी बाजूची भिंत. डोळे मिटून घ्यावेत म्हटलं, तर डोळे कुठले!

तिसऱ्या दिवशी रोलर हातभर अंतरावर आला, आणि ती आली. तिला एक दिवस आधीच घरी सोडलं होतं. नवऱ्याने हौसेने दार उघडलं. ती दारातच थबकली.

"मी इथे नाही झोपणार."

"अगं, का?"

"तिथे अशाच भिंती होत्या. बेचाळीस दिवस बघत होते. शेजारच्या खाटेवरची बाई गेली, तेव्हाही त्या भिंतींकडेच बघत होते."

तिने दाराची चौकट घट्ट धरून ठेवली. घाबरलेला मी एकटाच नव्हतो.

नवऱ्याचा चेहरा पडला. "माझ्या लक्षातच आलं नाही गं... काका, सायीचा डबा उघडा."

सुटलो म्हणतोय, तोच रोलर माझ्याच अंगावर! गार, ओला. संपलो, असं वाटलं. मग कळलं, हा तर माझाच रंग. माझ्या कडा त्यात मिसळून गेल्या. राखाडी शेजारी मात्र सायीच्या रंगाच्या दोन हातांखाली गाडला गेला. त्याचा काय दोष? भरपूर उन्हाच्या खोलीत तो खुलला असता. रंग निवडताना तेवढं ऊन बघा, आणि तिथे राहणाऱ्याला आधी विचारा.

वास गेल्यावर ती या खोलीत आली. दुपारी माझ्याकडे तोंड करून झोपते. नवरा सारखा दाराशी येतो, पांघरूण वरखाली होतंय ना, ते बघतो. तोवर माझाही जीव टांगणीला असतो.