बंदरावरची मांडवी

भिवंडीच्या बंदरावर गलबतं येईनाशी झाली, तसं तिथल्या मांडवीकडे कुणाचं लक्ष राहिलं नाही. मांडवी म्हणजे जुन्या काळी जिथे जकात घेत ती दुमजली दगडी इमारत. पुढे ती केसरीनाथशेठच्या वडिलांनी विकत घेतली आणि शेठनी तळमजल्यावर यंत्रमाग बसवले. भिवंडीत तेव्हा छप्पर दिसलं की त्याखाली माग बसत.

प्रमोदिनीबाई मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायच्या. दरवर्षी नववीच्या मुलींना बंदरावर नेऊन त्या मांडवीच्या कमानी काढायला लावत. गावातल्या आणखी कितीतरी इमारती त्यांनी मुलींना अशाच दाखवल्या होत्या. त्यातल्या बऱ्याचशा आता उरल्या नव्हत्या. दर वेळी बाई हळहळल्या होत्या आणि हळहळून घरी परतल्या होत्या.

अठ्ठ्याऐंशीच्या डिसेंबरात त्या मुलींना घेऊन गेल्या, तर मांडवीच्या खाडीकडच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत तडा गेलेला. कामगारांकडून कळलं की सज्ज्याचा दगड निसटून एकाचा खांदा मोडलाय, आणि शेठ आता सगळंच पाडून तिथे नवी शेड उभी करणार आहेत. बाईंनी मुलींना शाळेत पोचवलं आणि एसटी पकडून थेट कशेळीला शेठचं घर गाठलं.

शेठनी त्यांना बसवलं, चहा दिला, सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाले, "बाई, दगुड जपू का मानसं? उद्या भिंत कोनावर पडली, तर त्याच्या घरच्यांना काय सांगू?"

प्रश्न रास्तच होता. परतीच्या वाटेवर त्यांना राग आला तो स्वतःचा. आपण इमारत वाचवायला गेलो आणि भिंत फुटली कशाने, एवढंही विचारलं नाही.

त्यांचा दीर सुधीर बांधकाम खात्यात ओव्हरसियर होता. त्याला त्यांनी बंदरावर आणलं. त्याने भिंत पाहिली, ठोकून पाहिली, आणि तड्यावर आडव्या काचेच्या पट्ट्या चिकटवल्या. भिंत हलत असेल तर काच तडकेल, असं त्याने शेठना समजावून सांगितलं. तो दिवस शुक्रवार, मागांच्या सुट्टीचा. संध्याकाळपर्यंत पट्ट्या शाबूत राहिल्या. शनिवारी सकाळची शिफ्ट सुरू झाली आणि दुपारच्या आत सगळ्या तडकल्या. शेठ समोरच उभे होते.

"मांडवी म्हातारी झालेली नाही, शेठ," बाई म्हणाल्या. "तिला माग हादरवतायत. माग इथून हलवा. माणसंही वाचतील आणि इमारतही."

शेठ पाठ फिरवून निघून गेले. पण टेमघरला त्यांची जागा पडून आहे आणि तिथे कधीतरी शेड बांधायचं त्यांच्या मनात आहे, हे बाईंनी शोधून काढलं होतं. मग त्या कशेळीला खेपा घालू लागल्या. शेठ घरी नसले तर ओटीवर बसून राहत. शेठची आई सीताबाई त्यांना पाणी आणून देई आणि समोर बसून ऐकत राही. बाई कामगारांकडेही गेल्या, कारण टेमघरला जायचं म्हणजे रोजची पायपीट त्यांच्या वाट्याला येणार होती. त्यांच्यातला वडीलधारा रामू म्हणाला, "चलना पडेगा तो चलेंगे, बाई. लेकिन एक दिन भी काम बंद नहीं होना चाहिए." म्हणजे आधी शेड आणि मग माग. बाईंनी हेही शेठच्या कानावर घातलं.

अखेर शेठ अर्धे राजी झाले. शेड होळीपर्यंत उभी करतो म्हणाले, पण अट घातली. तडा पावसाळ्याआधी भरायचा. भिंत एक पावसाळा टिकली तर मांडवी राहील, नाहीतर दिवाळीनंतर पाडायची. सुधीरने सांगितलं की या जुन्या भिंतीला सिमेंट धरणार नाही, चुनाच हवा, आणि तोही चांगला भाजलेला. असा चुना आणायचा कुठून, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

तेव्हा ओटीवर बसलेली सीताबाई पहिल्यांदा बोलली. "खाडीत कालवांच्या शिंपल्या हायेत. आमी पोरी असताना त्यांच्या चुन्याची भट्टी लावायचो. आता लावता येनार न्हाय असं कोन म्हनतो?"

सीताबाईने कशेळीच्या बायका जमवल्या आणि भट्टी पेटवली. गावातल्या लोकांनी आधी बाईंची चेष्टा केली. मग कुणी परांची बांधायला माणसं पाठवली, कुणी वाळू टाकून गेलं. होळीनंतर माग टेमघरच्या शेडमध्ये हलले आणि एप्रिल-मे भर उन्हात भिंतीचं काम चाललं. माडीचं छप्पर मात्र वाचलं नाही. तुळया आतून पोखरल्या होत्या. त्या उतरवू नका म्हणून बाई सुधीरशी भांडल्या, आणि उतरवताना बाजूला तोंड करून रडल्या. दुसऱ्या दिवशी पदर खोचून पुन्हा चुना चाळायला बसल्या.

जुलैत पावसाने सलग झोडपलं आणि भरतीचं पाणी मांडवीच्या पायऱ्यांना लागलं. बाई शाळेतून मधल्या सुट्टीत छत्री घेऊन धावल्या. आत शेठ एकटेच होते. भिंतीवर तळहात टेकून उभे.

"ओली हाय," ते म्हणाले. "पन हलली न्हाय."

बाईंनीही हात टेकवून पाहिला. मग दोघं तिथेच जोत्यावर बसले, पाऊस उघडेपर्यंत.

दिवाळी आली आणि गेली. पाडायचं नाव कुणी काढलं नाही. माडीवर साधे पत्रे चढले. ते विजोड दिसत, आणि बाईंना ते दर वेळी खुपत. खाली शेठनी आपली पेढी थाटली.

त्र्याण्णव साली, ऐन शाळा भरायच्या वेळी शेठ फाटकाशी येऊन थांबले. खारबावला एक जुनी धर्मशाळा होती आणि तिचा मालक, शेठचा सोयरा लडकू, ती पाडायला निघाला होता. शेठ त्याच्याशी दोनदा बोलले होते. लडकू ऐकत नव्हता.

"माझं ऐकला न्हाय," शेठ म्हणाले. "तुमी येता का?"

बाईंनी मुख्याध्यापिकांकडून अर्ध्या दिवसाची रजा मागून घेतली, सुधीरला निरोप धाडला आणि शेठच्या गाडीत जाऊन बसल्या.