कॅचरची शाल

मित्रांनो, मी एक जुनी शाल आहे. माझा रंग डाळिंबी होता, हे आता सांगितलं तरच कळतं. मी सत्काराची शाल! नारळासोबत कुणाच्या तरी खांद्यावर चढायचं, फोटो निघाला की उतरायचं. घरी नेऊन प्रत्येकानं मला पुढच्या सत्कारासाठी जपून ठेवलं. माझी घडी कधी मोडलीच नाही. कपाटात पडल्या पडल्या मी एकच स्वप्न बघायचे, कुणीतरी मला पांघरून गाढ झोपलंय.

मास्तरकीतून निवृत्त होताना त्र्यंबकआप्पांना मी मिळाले. पंचाऐंशी साली ते अमेरिकेत, श्रूजबरीला मुलाकडे निघाले, तेव्हा ट्रंकेत मीही होते. संक्रांतीला तिथल्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांचा सत्कार होता ना!

बर्फ पडू लागलं की त्या घरात एकच वाद पेटायचा. निवृत्त झालेल्या कुठल्या बेसबॉल खेळाडूला हॉल ऑफ फेमचा मान मिळावा? आप्पांची नात सुनेत्रा एका कॅचरसाठी हटून बसली होती. वर्षानुवर्षं उकिडवं बसून त्यानं पिचरनं फेकलेले बॉल झेलले होते. हा मान मतदानानं मिळतो, आणि त्यात उभं राहायचं त्याचं हे शेवटचं वर्ष.

"अगं, त्याचे रन किती कमी, बघ की!" तिचा बाप प्रताप म्हणायचा.

"डॅडी, दॅट्स नॉट फेअर! त्याच्यामुळे पिचर ग्रेट झाले!"

"मग त्या पिचरना मान मिळाला?" आप्पांनी विचारलं. त्यांना खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं.

"ऑफ कोर्स, आजोबा!"

"म्हणजे हा मास्तरच म्हणायचा," आप्पा म्हणाले.

जानेवारीत रेडिओवर निकाल आला. कॅचरला मतं कमी पडली. सुनेत्रा त्याचा फोटो उराशी धरून सोफ्यावर मुसमुसत राहिली. वाद जिंकूनही प्रतापचं तोंड एवढंसं झालं.

आप्पा उठले. देवापुढचं कुंकू घेतलं, नारळ घेतला, ट्रंक उघडली. फोटोतल्या कॅचरला टिळा लावला, नारळ सुनेत्राच्या हाती दिला. "यांच्या वतीनं तू घे, बाळ." आणि मला फडकन उलगडून तिच्या अंगावर घातलं.

"आप्पा, अहो, ती अध्यक्षांची!" प्रताप म्हणाला.

"अध्यक्षांना तिळगूळ देऊ."

प्रताप हसला आणि टाळ्या वाजवू लागला. सुनेत्रानं मला गळ्यापर्यंत ओढून घेतलं आणि बघता बघता तिचा डोळा लागला. तिच्या श्वासानं मी हळूहळू ऊबदार झाले. बाहेर बर्फ भुरभुरत होतं. मी जागी होते की स्वप्नात, देव जाणे.

मित्रांनो, मिळालेली शाल जपून ठेवू नका, पांघरा. सुनेत्राच्या अंथरुणात मी पार विरले, भोकंही पडली. आता मला कुणी सत्काराला नेणार नाही. सुटले बाई!