मिरालूची दुपार

मिरालू नावाचा देश गुरुवारी दुपारी जन्माला येणार होता आणि त्याचा पैसा कतारमध्ये, दोह्याच्या मुशैरिब भागातल्या एका ऑफिसात तयार होऊन बसला होता. हिंदी महासागरातली ती मूठभर बेटं. नोटा छापून होड्यांनी बेटोबेटी पोचवणं त्यांना परवडणारं नव्हतं, म्हणून चलन थेट फोनमध्येच आणायचं ठरलं. ते काम मृणालिनीच्या कंपनीला मिळालं. मृणालिनी नाशिकची, कराराने इथे आलेली. तिच्या लेखी हे आणखी एक प्रोजेक्ट होतं.

शेजारी हनिया बसली होती. मिरालूच्या नव्या राष्ट्रीय बँकेची प्रमुख; परवापरवापर्यंत शाळेत गणित शिकवणारी.

"आजच्या दिवशी तुम्ही तिथे हव्या होतात," मृणालिनी म्हणाली.

"झेंडा चढवायला माणसं पुष्कळ आहेत," हनिया म्हणाली. "इथे बसायला मी एकटीच."

प्रत्येक नागरिकाच्या फोनवर थोडी नाणी आधीच पोचली होती. स्वातंत्र्याच्या घोषणेच्या वेळी, बाराच्या ठोक्याला, ती फोनमध्येच आपोआप खुली होणार होती. दोह्यात सकाळचे दहा वाजले, तिथे दुपारचे बारा. टीव्हीवर झेंड्याची दोरी हलली, आणि चित्र थिजलं. बेटांशी संपर्कच तुटला.

"समुद्राखालची केबल गेली. खलास," कौशिक म्हणाला. तो पुण्याचा, नेटवर्क सांभाळणारा.

"झेंडा चढला का?" हनियाने विचारलं. टीव्हीवर दोरी अर्ध्यावरच थांबली होती.

"दोन फोन जवळ धरले की नेटशिवायही पैसे जातात," मृणालिनी तिला धीर देत म्हणाली. पण ते टेबलावरच्या दोन फोनांवर करून पाहिलेलं. अख्ख्या देशाचा भरवसा कोण देणार?

बराच वेळ कौशिकच्या पडद्यावरचा बेटांचा नकाशा काळाच राहिला. मग संपर्क परत येऊ लागला आणि एक ठिपका उजळला. पाठोपाठ दुसरा. बघता बघता बेटामागून बेट चमकू लागलं आणि साठलेले व्यवहार भरतीसारखे आत घुसले.

"मृणालिनी, हे बघ," कौशिक पुढे वाकला. "सगळे एकेका नाण्याचे. काहीतरी बिघडलंय."

हनियाने तोंडावर हात धरला होता. "बिघडलं नाही. आमच्याकडे नवी होडी पाण्यात उतरली की शेजाऱ्याच्या हातावर एक नाणं ठेवतात, आणि त्याने ते पुढच्याला द्यायचं. होडी एकट्याची नाही, हे समुद्राला कळावं म्हणून. हे करा असं आज त्यांना कोणी सांगितलेलं नाही."

मृणालिनीने लिहिलेल्या कोडच्या रुक्ष ओळींमधून एक अख्खा देश हातात हात घालत चालला होता, तेही कोणी बघत नसताना.

सगळ्यात दूरचं बेट अजून अंधारात होतं. हनियाची नजर तिथेच खिळली होती. तिथे तिचे वडील राहत. तो ठिपका उजळला आणि तिचा फोन वाजला. वडिलांकडून एक नाणं. उठून तिने आपला फोन मृणालिनीच्या टेस्टिंगच्या फोनपाशी धरला.

"घ्या."

"अहो, मी मिरालूची नाही."

"होडी तर ढकललीत ना?"

मृणालिनीने ते घेतलं. मग ती फोन घेऊन कौशिककडे वळली. त्याने प्रसादाला करतात तशी ओंजळ केली आणि तीत आपला फोन धरला.