पेनरचा नियम

मार्लिस पेनरने परीक्षकाच्या अहवालातल्या त्या ओळीखाली लाल पेन्सिलीने रेघ मारली आणि हसू आवरेना म्हणून कॉफीचा मग बाजूला सारला. ओळ अशी होती: ‘लेखकाला पेनरचा नियम मुळातच कळलेला दिसत नाही. त्याने पेनर यांचा १९८४ सालचा निबंध, विशेषतः पान २१७, लक्षपूर्वक वाचावा.’

परीक्षणाला गेलेल्या निबंधाची लेखक ती स्वतःच होती. नियतकालिकाच्या रीतीप्रमाणे परीक्षकाला लेखकाचं नाव कळत नाही आणि लेखकाला परीक्षकाचं. त्यामुळे कुणीतरी शहाणा पेनरलाच पेनरच्या शिकवणीला धाडत होता.

हसू ओसरलं तशी ती चिडली. एकोणतिसाव्या वर्षी कॅनडातल्या सॅस्काटूनबाहेरच्या एका शेतात तिला प्रयोगासाठी गव्हाचे वीसच वाफे मिळाले होते, आणि वीस पुरेत, असं तिने गणिताने दाखवलं होतं. त्या एका वाक्याचा हवाला आजवर एकेचाळीस हजार निबंधांनी दिला होता. वीस उंदीर, वीस शाळकरी मुलं, वीस रुग्ण. जास्त माणसं गोळा करायचा कंटाळा आला की तळटीपेत पेनर. गेल्या महिन्यात मूत्रपिंडाच्या एका औषधाची चाचणी वीस जणांवर उरकली गेली, तीही तिच्याच नावावर. तेव्हापासून तिला अन्न गोड लागत नव्हतं. तो नियम चुकीच्या जागी लावला जातोय, असं तिने पूर्वीही एकदा लिहिलं होतं. त्याची दखल नऊ वेळा घेतली गेली, त्यातल्या चार वेळा तिनेच. जूनमध्ये ती निवृत्त होणार होती. त्याआधी ते वाक्य आपल्या हाताने मागे घ्यायचं, एवढीच तिची इच्छा उरली होती; त्यासाठीच तिने हा नवा निबंध धाडला होता.

दार ढकलून ओरेस्ट वॉयचुक आत आला. तो तिचा पहिला विद्यार्थी, आता विभागप्रमुख. हातात बायकोने केलेल्या गोड बटर टार्टचा डबा होता.

“शुक्रवारच्या तुमच्या सत्काराची चव आधीच घेऊन ठेवा, प्रोफेसर. तिथे पुढाऱ्यांच्या तावडीतून काही उरायचं नाही.”

“आधी हे वाच. पोट धरून हसशील.”

त्याने उभ्यानेच वाचलं. हसला नाही. कानाच्या पाळ्या मात्र लाल झाल्या.

“शेवटचं वाक्य जरा जास्तच झालं,” तो म्हणाला.

“तुझं आहे?”

ओरेस्ट डब्याची दोरी बोटाला गुंडाळत राहिला.

“मला काय माहीत निबंध तुमचा असेल म्हणून? वाटलं, कुणीतरी नवशिका नाव कमवायला निघालाय.”

“पान २१७ कुठून काढलंस?”

“सगळेच देतात.”

“सगळे तुझ्या प्रबंधातून उचलतात. २१७ वर वाटाण्याच्या किडीवरचा लेख आहे. माझं पान २७१.”

“फळ्यावर तुम्हीच २१७ लिहिलं होतं. माझ्या वहीत अजून आहे.”

मार्लिसने लाल पेन्सिल खाली ठेवली. घाईत आकडे उलटे लिहायची खोड तिला होतीच.

“म्हणजे तू तो निबंध उघडलाच नाहीस कधी?”

“तुम्ही समोर उभ्या राहून शिकवत होतात. उघडायचा कशाला?”

त्यात उद्धटपणा नव्हता, हेच तिला जास्त लागलं. ती उठली, फडताळातून जुना खंड काढला आणि पान २७१ उघडून त्याच्यापुढे धरला. ओरेस्टने चष्मा कपाळावर चढवला आणि पुटपुटत वाचलं:

“‘अशा कामाला वीस वाफे पुरेत. हे या एका शेतापुरतेच खरे आहे. अन्यत्र लावण्याआधी नव्याने तपासावे.’”

त्याने पुन्हा वाचलं, मग खुर्ची ओढून बसला.

“हे दुसरं वाक्य...”

“पहिल्यापासून तिथेच आहे.”

“माझ्या चौदा मुलांचे प्रबंध यावर उभे आहेत. चौघं अजून नोकरीत कायम व्हायची आहेत.”

“ठाऊक आहे. त्यांच्या तोंडी परीक्षांना मीही होते.” ती त्याच्यासमोर बसली. “संपादकाला दोन ओळी लिही, ओरेस्ट. मूळ निबंध वाचला, आक्षेप मागे घेतो, एवढंच. माझं म्हणणं छापून येऊ दे. माझ्या एकटीच्याने हे होत नाही रे.”

एवढ्या वर्षांत तिने त्याच्याकडे प्रथमच काही मागितलं होतं. खाली कुणीतरी पायऱ्यांवरचा बर्फ खरवडत होतं. ओरेस्टने खंड मिटला, फडताळाशी गेला, तो मूळच्या जागी सरकवला आणि बोटाने दाबून बाकीच्या खंडांच्या रांगेत बसवला.

“मी हे वाचलेलं नाही, प्रोफेसर,” तो हळूच म्हणाला. “कालपर्यंत वाचलं नव्हतं, तसंच.”

दाराशी जाऊन तो थांबला.

“शुक्रवारी चार वाजता. गाडी पाठवू?”

“नको,” मार्लिस म्हणाली. “चालत येईन.”