कावळ्याचा माठ आणि वीरण्णांचं माप

उदगीरच्या मोंढ्यात चाळीस वर्षं धान्याची आडत केलेल्या वीरण्णांनी उतारवयात मुलांसाठी वाचनालय काढलं, हे चांगलंच केलं. पण दरवर्षी बक्षीस समारंभात ते तहानलेल्या कावळ्याची तीच गोष्ट सांगत, हे पोरांना सोसावं लागे. "खडे टाकत राहा, पानी वर येतंच!" म्हणून त्यांनी टेबलावर मूठ आपटली की भाषण संपलं, हे सगळ्यांना पाठ होतं. टाळ्या म्हणूनच जोरात पडत.

यंदा निबंधाचा विषयही त्यांनीच दिला: आवडती प्राणिकथा आणि तिचं तात्पर्य. बासष्ट निबंध आले. बहुतेकांत कष्टाचं फळ गोड निघालं. पाचवीतल्या अक्षरा नावाच्या मुलीनं मात्र लिहिलं होतं, 'मी गच्चीवर माठात पाव भाग पाणी घेऊन खडे टाकले. माठ खड्यांनी काठोकाठ भरला, पण पाणी खालीच राहिलं.' तात्पर्याची ओळ कोरी होती.

वीरण्णांचं डोकंच फिरलं. आपली गोष्ट खोटी पाडते म्हणजे काय! त्यांनी लाल पेनानं लिहिलं, 'तात्पर्य नाही. बाद.'

"अण्णा, पोरगी थापा मारणारी न्हाई," वाचनालय सांभाळणारी मंजुश्री म्हणाली. "एकदा करून तर बघा."

"मला शिकवू नको," म्हणून त्यांनी पुढचा निबंध उचलला.

दुसऱ्या दिवशी अक्षरानं तो लाल शेरा वाचला आणि वाचनालयाचं कार्ड वीरण्णांपुढं ठेवलं. "मी खोटं न्हाई लिहिलं, अण्णा," एवढंच बोलून ती गेली. रडली असती तर त्यांनी समजूत घातली असती. पण त्यांच्या दुकानातून माप खोटं म्हणून कुणी कधी परत गेलं नव्हतं, आणि ही पोर तशीच गेली होती.

घरी त्यांनी काचेच्या बरणीत पाव भाग पाणी घेतलं आणि अंगणातले खडे टाकत गेले. पाणी थोडं चढलं आणि खड्यांच्या फटींत दडून बसलं. बरणी भरली, तरी पाणी काठापासून चांगलं चार बोटं खाली! धान्य मापायची पायली हलवून ठोकली की आणखी ओंजळभर धान्य मावतं, कारण दाण्यादाण्यांत जागा असते, हे त्यांनीच अख्ख्या मोंढ्याला शिकवलेलं. खड्याखड्यांतली जागा तेवढी दिसली नव्हती. त्यांना स्वतःची लाज वाटली.

लाल शेरा गुपचूप खोडता आला असता. पण रविवारी ते ती बरणी घेऊनच भाषणाला उभे राहिले. समोर अक्षरा मंजुश्रीशेजारी बसली होती. मंजुश्रीनं तिला घरी जाऊन आणलं होतं.

"वीस वर्षं ही गोष्ट सांगत आलो," बरणीत खडे टाकत वीरण्णा म्हणाले. "एकदाबी करून बघितली न्हाई. ह्या पोरीनं बघितली. पहिला नंबर तिचा. चूक माझी."

कुणी टाळी वाजवली नाही. मूठ आपटली नव्हती, तेव्हा भाषण संपलं की नाही ते पोरांना कळेना.

वीरण्णांनी अक्षराला पुढं बोलावून तिचं कार्ड तिच्या हातात दिलं. "आता सांग, पानी कमी असलं तर कावळ्यानं काय करावं?"

"दुसरा माठ हुडकावा की, अण्णा. त्याला पंख हायत."

वीरण्णांनी तात्पर्याच्या कोऱ्या ओळीवर तेच लाल पेनानं लिहून घेतलं, आणि टेबलावर मूठ आपटली.